दुपारचा पडदा

आमच्या घरात झोपायला जागा नव्हती असं कुणी म्हटलं की मला राग येतो. जागा होती. ती फक्त वाटून संपलेली होती. जुन्या भाईंदरात, मिठागरांकडे उतरणाऱ्या वाटेवर, कौलारू चाळीत आमची एक खोली, आणि त्या खोलीत एक लोखंडी खाट. ती खाट माझ्या आठवणीत कधी थंड पडली नाही. रात्री तिच्यावर बाबा झोपायचे. ते मिठाच्या वखारीत मुकादम, म्हणजे कमावते. ते सकाळी डबा घेऊन बाहेर पडले की त्यांचे धाकटे भाऊ, आमचे रशीदचाचा, भांड्यांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून यायचे आणि चादरसुद्धा न झटकता त्याच खड्ड्यात आडवे व्हायचे. तेही कमावते. मी आणि माझा धाकटा भाऊ सलीम न कमावणारे, त्यामुळे खाली जमिनीवर, एका गोधडीत. आणि आई त्याच्याही पलीकडे, मोरीच्या कडेला. पहाटेच्या आधी नळाला पाणी यायचं, तोवर तिला पाठ टेकायची मुभा होती. एवढी ऐसपैस व्यवस्था असताना जागा नव्हती कसं म्हणायचं?

आईला आम्ही आईच म्हणायचो. रायगडाकडच्या खाडीकाठच्या गावातून आलेले आम्ही कोकणी मुसलमान, घरात मराठीच बोलायचो. 'अम्मी' हा शब्द आमच्याकडे फार नंतर आला, मीरा रोडला फ्लॅट घेतला तेव्हा, टाइल्सबरोबर. तेव्हाचं मीरा रोड म्हणजे एक स्टेशन आणि पुढे नजर जाईल तिथवर चिखल. आज त्याच चिखलावरच्या सातव्या मजल्यावर बसून मी हे लिहितेय. घरात तीन बेडरूम आहेत, प्रत्येकीला दार आहे, दाराला कडी आहे, आणि तरी माझा नातू न विचारता आत येऊन माझा चार्जर उचलून नेतो. असो.

तर आई दिवसा कधी आडवी व्हायची नाही. लहानपणी मला वाटायचं, आया अशाच असतात, उभ्या किंवा फार तर बसलेल्या. खरं कारण खाटेवर घोरत असायचं. चाचा खोलीत आहेत म्हटल्यावर भावजयीनं त्यांच्यासमोर पाय पसरून पडायचं म्हणजे केवढी बेशरमी! म्हणून ती भिंतीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन, तांदूळ निवडता निवडता पेंगायची. हातातलं सूप कलंडलं की दचकून उठायची आणि पहिलं काय करायची, तर पदर सारखा करायची. चाचा बिचारे तिकडे तोंड उघडं टाकून, लुंगी गुडघ्याच्या वर, निवांत. त्यांच्या लाजेची काळजी कुणाला नव्हती.

मी दहाची होते त्या वर्षी आईला दिवस गेले होते. त्याच्या आदल्या खेपेला सातव्या महिन्यात मूल गेलं होतं, आणि ते अल्लाची मर्जी या सदरात जमा करून सगळे मोकळे झाले होते. या वेळी तिचे पाय असे सुजले की बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहायचा. सलीम आणि मी ते दाबून बघायचो, आम्हाला गंमत वाटायची. शेजारची काशीबाय, कोळीण, भाईंदरच्या बाजारात मासे विकायची. तिनं एकदा ते पाय पाहिले आणि टोपली खाली ठेवून आईला बोलली, "अगो खैरू, तू आडवी कवा व्हतेस? तुला पाठ हाय का न्हाय?" आई हसली. काशीबाय हसली नाही. तिनंच हाताला धरून आईला दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मागच्या मुलाचं विचारलं, आणि सांगितलं की रोज दुपारी जेवणानंतर दोन तास झोपायचं, पाय उशीवर उंच ठेवून, नाहीतर हेही मूल जाईल आणि कदाचित तुम्हीही जाल. औषध काहीच दिलं नाही. मला वाटलं, किती सोपा इलाज आहे, फुकटात!

संध्याकाळी आईनं बाबांना सांगितलं. बाबा भला माणूस. तंबाखू नाही, शिवी नाही, हात कधी उगारला नाही. त्यांचा एकच आवडता शब्द होता, "बघू." ते "बघू" म्हणाले. चाचा म्हणाले, "बरोबर आहे, भाभीनं आराम केलाच पाहिजे," आणि पाळीवर गेले. सकाळी परत आले आणि खाटेवर झोपले. सगळ्यांना पटलं होतं. फक्त दुपारी आई कुठं झोपणार, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही, आणि आई तो तोंडानं विचारणाऱ्यांतली नव्हती.

अशा वेळी आमच्याकडे इस्माईलफुफा आले. फुफा म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात जहाजावर काढली, आणि उतरल्यावर गावी घर बांधलं, ज्याच्या खोल्या मोजताना आम्ही पोरं चुकायचो. मुंबईत मोतीबिंदू काढायचा होता, म्हणून पत्र्याची ट्रंक, अत्तराची कुपी आणि टॉर्च घेऊन ते आमच्या त्या एका खोलीत महिनाभरासाठी दाखल झाले. खाट अर्थातच त्यांना मिळाली, रात्रीही आणि दिवसाही, आणि चाचांना दिवसा खाली पसरायला एक जाड गादी. बाबा खाली आले. आम्ही मोरीकडे सरकलो, आणि आई, आता सरकायला भिंतच लागल्यावर, बसूनच झोपायला लागली.

मोतीबिंदू झालेल्या माणसाला काय काय दिसतं, हे मला फुफांमुळे कळलं. पहिल्याच सकाळी त्यांनी टॉर्च मारून आमच्या गोधडीकडे पाहिलं आणि "तौबा, तौबा" म्हणत उठून बसले. मी दहा वर्षांची, सलीम नऊचा. माझा पाय त्याच्या पोटावर आणि त्याचं डोकं माझ्या काखेत. "पोरगी दहाची झाली आणि अजून भावाच्या अंथरुणात?" त्यांनी बाबांना विचारलं. "दहाव्या वर्षी बिछाने वेगळे करायचे असतात, एवढंही माहीत नाही तुला?" बाबांनी मान खाली घातली. वेगळे बिछाने करायला आधी दुसरा बिछाना लागतो, हे सांगायची त्यांची छाती झाली नाही. शेवटी मला खाटेखाली ढकललं, ट्रंकेच्या शेजारी. तिथून फुफांच्या शरीराचा आकार मला रोज वरून समजायचा.

मग रोज एक धडा. उजव्या कुशीवर झोपायचं. पालथं झोपायचं नाही. आडवं व्हायच्या आधी अंथरूण झटकायचं. दिवा मालवायचा, भांडी झाकायची. दोन पोरांनी एका पांघरुणात शिरायचं नाही. हे सगळं सांगणारा माणूस स्वतः बोटीवर एकावर एक रचलेल्या फळ्यांवर, जगभरच्या खलाशांच्या तंगड्यांखाली तीस वर्षं झोपून आला होता, पण ते त्याला कोण विचारणार? आणि खरं सांगते, धड्यांत वाईट काही नव्हतं. मी आजही अंथरूण झटकूनच पडते, आणि पालथी झोपले तर मलाच अपराध्यासारखं वाटतं. माझी तक्रार कधी कायद्याशी नव्हती. तो वाचून दाखवणारे आपल्याला सोयीची पानं तेवढी उलटायचे, तिथं माझं डोकं फिरायचं. पुढे मी स्वतः वाचायला शिकले तेव्हा कळलं की दिरापासून जपून राहायचं, हेही फार कडक शब्दांत सांगितलेलं आहे. फुफांच्या तोंडून ते कधी निघालं नाही. तेवढ्या ओळी मोतीबिंदूत गेल्या असाव्यात.

सगळ्यात मोठा धडा पडद्याचा. आई-बाप जिथं झोपतात तिथं पोरांनी तीन वेळा परवानगीशिवाय जायचं नाही: पहाटेच्या नमाजाआधी, भर दुपारी माणूस अंगावरचे जादा कपडे काढून पडतो तेव्हा, आणि रात्री इशाच्या नमाजानंतर. पण जायचं नाही म्हणायला आधी 'आत' आणि 'बाहेर' पाहिजे ना! म्हणून फुफांनी खोलीच्या मधोमध दोरी बांधायला लावली आणि तिच्यावर पडदा. पडदा कशाचा? आईच्या दोन जुन्या साड्यांचा. या घरात धर्माचं काही करायचं झालं की कपडा आईचा जायचा. दोरीच्या पुढे खाट आणि दरवाजा, मागे मोरी, स्टोव्ह, पाण्याचा माठ, गाद्या-गोधड्यांचा ढीग आणि आई. म्हणजे आम्हाला तहान लागली तरी परवानगी. फुफांनी कवायत घेतली. पडद्याच्या अगदी समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. सलाम करायचा. "येऊ का?" विचारायचं. तीनदा विचारून उत्तर नाही आलं तर मागं फिरायचं. आणि आतून 'परत जा' म्हटलं, तर? फुफांनी बोट वर केलं. "तर परत जायचं. तोंड वाकडं न करता. त्यातच आपली पाकी, मनाची स्वच्छता." सलीम पहिल्याच दिवशी दुपारी गुळाच्या आशेनं सलामांवर सलाम ठोकत राहिला आणि आई आतून हसत म्हणाली, "ये रे माझ्या नवाबा."

म्हणजे निदान दुपारी तरी आईला पडदा मिळाला, असं वाटेल. कसला मिळतोय! कायदा पोरांना होता. चाचा उठले की थेट पडदा सारून मोरीवर चूळ भरायला. फुफा नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, आत. फुफांना चहा पाहिजे, फुफांना कोमट पाणी पाहिजे, फुफांची डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली माठामागं राहिली. शुक्रवारी बाबा अर्ध्या दिवसानं घरी येत, मग तेही आत. प्रत्येक वेळी आई उठून बसायची, पदर ओढायची. पाय आता इतके सुजले होते की चप्पल चढत नव्हती. एका दुपारी मी पाणी प्यायला गेले, अर्थात विचारून, तर ती पोटावर हात ठेवून बसली होती. मला म्हणाली, "सकाळपासून हललं नाही गं." मी दहा वर्षांची असले तरी मागच्या वेळी घरातून पांढऱ्या कापडात काय नेलं ते पाहिलेलं होतं. मी पाणी न पिता तिच्या शेजारी बसले. मग थोड्या वेळानं तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला. आत बारीकशी लाथ बसली, आणि आम्ही दोघी रडलो.

त्या संध्याकाळी आईनं एक अजब गोष्ट केली. ती फुफांशी बोलली. एरवी आतूनच कप पुढं सरकवायची. त्या दिवशी पडद्याआडून म्हणाली, "भाई, एक विचारू? पोरांना तीन वेळा परवानगी. मग मोठ्यांना किती वेळा?"

फुफा खुलले. इतक्या दिवसांत या घरात त्यांना पहिल्यांदाच कुणी आपणहून काही विचारलं होतं. मांडी घालून बसले. "फार चांगला सवाल, भाभी! पोरं अजाण, म्हणून त्यांना तीनच वेळा. मोठ्यांना तर प्रत्येक वेळी. मोठ्यानं कधीच न विचारता शिरायचं नाही."

"कुणीही मोठा असला तरी?"

"कुणीही! कायदा सगळ्यांना सारखा."

"आणि आतून परत जा म्हटलं तर?"

"तर परत जायचं, भाभी. पोरांना सांगितलंय ना मी. तोंड वाकडं न करता."

"बरं झालं सांगितलंत," आई म्हणाली, आणि त्यांना चहात साखर जरा जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तिघं पुरुष जुम्म्याची नमाज पढून आले. तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाचं कालवण, कांदा. आईनं सगळं पडद्यातून बाहेर दिलं, मी आणि सलीमनं वाढलं. फुफांनी काटा काढता काढता कालवणाची तारीफ केली. बाहेर जेवणं चालू असतानाच आईनं आत दोन घास खाल्ले, मला बोलावलं, आणि गाद्यांच्या ढिगातून चाचांची गादी ओढून खाली पसरली. ती एकच काय ती जाड होती. तांदळाचा डबा पायाशी घेतला, त्यावर उशी, उशीवर पाय. उजव्या कुशीवर वळली, फुफांनी सांगितल्यासारखी. मग म्हणाली, "हमिदा, बाहेर उभी राहा. कुणी आलं तर विचारायला सांग." बस्स, एवढंच. मी पडद्याला पाठ लावून उभी राहिले.

पहिले चाचा आले. जांभया देत, गादी घ्यायला. मी हात आडवे केले. "विचारा." ते हसले. "बाजूला हो, येडी." मी हलले नाही. "विचारा ना चाचा. मोठ्यांना प्रत्येक वेळी." त्यांनी हात पुढं केला, तेवढ्यात खाटेवरून फुफा, सवयीनं म्हणा की मास्तरकीच्या तोऱ्यात म्हणा, बोलून गेले, "बरोबर बोलतेय पोरगी. विचार, रशीद." चाचांनी डोळे फिरवले. "भाभी, येऊ का? गादी पाहिजे."

"नको," आई आतून म्हणाली. "परत जा."

खोलीत असं कधी घडलेलं नव्हतं. सलीमच्या हातातला कांदा हातातच राहिला. चाचा लाल झाले. "हे काय थेर आहेत? रात्रभर मी काम करून आलोय! झोपू कुठं?" जणू या प्रश्नाचा शोध त्यांनीच लावला होता. फुफा उठले. मोठ्या माणसानं मध्ये पडायला हवं, असं त्यांना वाटलं असावं, शिवाय चहाही झाला नव्हता. पडद्याच्या बाजूला, समोर नव्हे, शिस्तीत उभे राहिले आणि गळा साफ करून सलाम केला. आईनं सलामाला जवाब दिला. "भाभी, येऊ का?"

"नको, भाई. परत जा."

फुफांचं तोंड वाकडं होऊ लागलं, मी अगदी जवळून पाहिलं. आणि मग त्यांना स्वतःचंच वाक्य आठवलं. त्यांनी ते तोंड सरळ करण्यासाठी जे कष्ट घेतले, तेवढे बोटीवर तीस वर्षांत घेतले नसतील. मागं फिरले आणि खाटेवर जाऊन टॉर्चचं बटण खालीवर करत बसले.

उरले बाबा. चाचा त्यांना म्हणाले, "भाईजान, तुम्ही सांगा तिला. तुमचं घर आहे." ते खरंच होतं. घर त्यांचं, बायको त्यांची, पडदा तिच्या साडीचा. त्यांनी नुसती दोरी ओढली असती तर कुणी काही म्हणालं नसतं, आणि आई पुन्हा उठून भिंतीला टेकून बसली असती, आणि पुढं काय झालं असतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा उठले. माझ्यासमोर आले. मी इतकी घाबरले होते की माझे हात आपोआप खाली आले. बाबांनी हात वर केला, पडद्यापर्यंत नेला, आणि तिथंच थांबवला. खोकले. मग असं बाजूला सरकून, पोरांना शिकवलं होतं तसं उभे राहून, हळू आवाजात म्हणाले, "खैरून... येऊ का?"

मला वाटलं, आता ती 'या' म्हणेल. नवरा आहे, म्हणायलाच हवं.

"तुम्हीही नको," आई म्हणाली. आवाज रडवेला होता, पण ती म्हणाली. "ऊन उतरल्यावर, असरच्या नमाजानंतर या."

बाबांनी मान हलवली, जणू पडद्याला दिसत होतं. मग चपला घातल्या, चाचांच्या दंडाला धरलं, फुफांना हात दिला, आणि दोघांना घेऊन बाहेर पडले. मी मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेले. तिघं काशीबायच्या ओट्यावर जाऊन बसले. हात अजून खरकटे, बोंबलाचे. काशीबाय बाजारातून नुकती आली होती. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आज सगली मानसा भायेर कशी? खैरू कुठं हाय?"

चाचांनी तोंड उघडलं होतं, पण बाबा आधी बोलले. "झोपलीय ती," ते म्हणाले. आणि परत एकदा, फुफांकडे बघत, जरा मोठ्यानं, "झोपलीय."

माझ्या आईबद्दल हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. काशीबायनं घरातून चटई आणली आणि चाचांसमोर टाकली. तिथं, भर रस्त्यावर, ते झोपले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत घोरलेसुद्धा.

फुफांनी त्या दिवसापासून धडे बंद केले. डोळ्याचं झालं आणि ते गावी गेले, जाताना आईला अत्तराची कुपी देऊन गेले. त्यातून काय समजायचं ते आईनं समजून घेतलं. चाचा दुपारी काशीबायच्या ओट्यावर झोपायला लागले आणि पुढे लग्न झाल्यावर आपली खोली बघायला गेले, तेव्हा म्हणे पहिलं विचारलं, पडदा कुठं लावता येईल. मला माझ्या चाचीनं हे सांगितलं, हसत हसत. आमचा पडदा चिंध्या होईपर्यंत टिकला, आणि बाबा शेवटपर्यंत दुपारी खोकून, बाजूला उभं राहून विचारायचे. मधून मधून त्यांना 'या' असंही उत्तर मिळायचं.

बाळ पूर्ण दिवसांचं झालं. मुलगी. बाबांनी नाव ठेवलं सकीना. आता तीही साठीच्या जवळ आलीय, दोन गल्ल्या सोडून राहते, आणि तिचा एक दोष सांगायलाच हवा: ती दुपारी झोपते. रोज, न चुकता, पाय उशीवर ठेवून. मला नेमकं त्याच वेळी तिच्याशी बोलायचं असतं. फोन केला तर सून उचलते. "मावशी, त्या झोपल्यात." मागच्या आठवड्यात मी तर रिक्षा करून थेट तिच्या दारात गेले, सोबत बोंबलाचं कालवण. सून म्हणाली, "झोपल्यात." मी डबा तिच्या हातात दिला आणि परत आले, तोंड वाकडं न करता.